कुमार गंधर्व

कुमार गंधर्व ऊर्फ शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ (जन्म : सुळेभावी, बेळगाव जिल्हा, ८ एप्रिल, १९२४, मृत्यू : देवास, मध्य प्रदेश, १२ जानेवारी, १९९२) हे हिंदुस्थानी संगीतातील ख्यालगायक, बंदिशकार आणि नव्या रागांचे निर्माते होते. कोणत्याही एका घराण्याची चौकट न स्वीकारता त्यांनी स्वतःची गायकी घडवली. पारंपरिक ख्याल, स्वतःच्या नव्या बंदिशी, माळव्यातील लोकगीते, निर्गुणी भजने आणि मराठी नाट्यपदे एकाच मैफलीत किंवा एकाच सूत्रात गुंफलेल्या कार्यक्रमात मांडण्याची त्यांची पद्धत विशेष गाजली आणि तितकीच वादाचा विषयही झाली. भारत सरकारने त्यांना १९७७ मध्ये पद्मभूषण आणि १९९० मध्ये पद्मविभूषण हे किताब दिले.

बालपण

शिवपुत्र यांचा जन्म बेळगावजवळच्या सुळेभावी या खेड्यात एका कन्नडभाषक लिंगायत कुटुंबात झाला. त्यांचे वडील सिद्धरामय्या हे स्वतः गात असत, त्यामुळे घरात गाणे होते. परंतु या मुलाला पद्धतशीर तालीम मिळण्याआधीच तो गाऊ लागला. ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकून त्यांतील नामवंत गायकांची गाणी तो हरकती-मुरक्यांसह हुबेहूब म्हणून दाखवी. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे मावत असे आणि तेवढ्यातच गायकाला रागाचा चेहरा उभा करावा लागे. पुढील आयुष्यात कुमारांच्या छोट्या, नेमक्या मांडणीचे जे कौतुक झाले, त्याचे एक मूळ या बालपणीच्या ऐकण्यात शोधता येते.

मुलाचे गाणे ऐकून एका मठाधिपतींनी त्याला ‘कुमार गंधर्व’ ही पदवी दिली आणि तेच पुढे त्यांचे नाव झाले. मराठी वाचकांना गंधर्व हे नाव बालगंधर्व, सवाई गंधर्व, छोटा गंधर्व या मालिकेतले वाटते. मात्र ते तिघेही रंगभूमीवरचे होते आणि कुमार तसे नव्हते. रंगभूमीशी त्यांचा संबंध आला तो पुष्कळ नंतर आणि वेगळ्याच वाटेने.

अकराव्या-बाराव्या वर्षापर्यंत त्यांनी गावोगावी जलसे केले. फेब्रुवारी १९३६ मध्ये मुंबईच्या जिना हॉलमध्ये भरलेल्या संगीत परिषदेत हा मुलगा गायला. समोर त्या काळातील मान्यवर गायक-वादक बसलेले होते. या एका बैठकीने त्यांचे नाव सर्वत्र झाले. बालकलाकाराच्या कौतुकाला मात्र फार आयुष्य नसते. आवाज फुटला की ते संपते. अनुकरणातून बाहेर काढणारा गुरू या मुलाला वेळेवर मिळाला, हे त्याचे भाग्य.

देवधरांचे विद्यालय

प्रा. बाळकृष्ण रघुनाथ देवधर (१९०१–१९९०) हे विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. मुंबईत ऑपेरा हाउसजवळ त्यांचे स्कूल ऑफ इंडियन म्युझिक हे विद्यालय होते. १९३६ मध्ये कुमार तेथे शिकायला आले व पुढची सुमारे अकरा वर्षे तेथेच राहिले. देवधर ग्वाल्हेर परंपरेचे असले तरी त्यांनी पाश्चात्त्य संगीताचाही अभ्यास केला होता आणि इतर घराण्यांबद्दल त्यांच्या मनात अढी नव्हती. निरनिराळ्या घराण्यांच्या उस्तादांची त्यांच्याकडे ये-जा असे. सिंदे खाँसारख्या फकिरी वृत्तीच्या, जुन्या बंदिशींचा साठा असलेल्या गवयांना देवधरांनी आस्थेने जवळ केले होते. गुरू आपल्या शिष्याला दुसऱ्याचे गाणे ऐकूही देत नसे अशा त्या काळात हे असाधारण होते. कुमारांना अंजनीबाई मालपेकर यांचेही मार्गदर्शन लाभले.

या वातावरणाचा परिणाम असा झाला की, घराणे ही मालकीची वस्तू आहे असे त्यांना कधी वाटले नाही. किशोरवयातच ते विद्यालयात शिकवू लागले. याच विद्यालयात शिकणाऱ्या भानुमती कंस यांच्याशी १९४७ मध्ये त्यांचा विवाह झाला.

देवास आणि आजारपण

विवाहाच्या सुमारासच कुमारांना क्षयरोग झाल्याचे निदान झाले. मुंबईची दमट हवा सोडून कोरड्या हवेत राहावे म्हणून ३० जानेवारी, १९४८ रोजी हे कुटुंब माळव्यातील देवास येथे पोहोचले. त्याच संध्याकाळी दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली.

देवास हे इंदूरजवळचे लहानसे गाव, देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी वसलेले. पवार घराण्याच्या थोरल्या व धाकट्या पाती अशी दोन मराठी संस्थाने या एकाच गावात नांदत होती. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर हे १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी सचिव होते व त्या अनुभवावर त्यांनी पुढे पुस्तक लिहिले. उस्ताद रजब अली खाँ यांचे वास्तव्यही देवासलाच होते. तेव्हा गाव लहान असले तरी गाण्याला अनोळखी नव्हते, आणि मराठी बोलणारा वर्ग तेथे पिढ्यान्पिढ्या राहत होता.

डॉक्टरांनी गाण्याची सक्त मनाई केली होती. सुमारे पाच वर्षे कुमार अंथरुणाला खिळून होते. भानुमतींनी शाळेत शिक्षिकेची नोकरी धरली व घर चालवले; पतीची शुश्रूषाही त्याच करीत. क्षयावर प्रभावी ठरलेले स्ट्रेप्टोमायसिन हे औषध अमेरिकेत १९४३ मध्ये शोधले गेले होते आणि नंतरच्या काही वर्षांत ते भारतात मिळू लागले. त्या औषधाने कुमार बरे झाले, पण एक फुप्फुस कायमचे निकामी झाले. ख्यालगायकाचे भांडवल म्हणजे दमसास. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा ते भांडवल निम्म्यावर आलेले होते.

लोकधुनांतून राग

गाता येत नव्हते त्या वर्षांत कुमारांनी ऐकण्याचे काम केले. खिडकीबाहेरून जाणाऱ्या बायकांची गाणी, बाजारकऱ्यांचे आवाज, सणावारांची व लग्नांची गीते, भिक्षेकरी जोग्यांची पदे त्यांच्या कानावर पडत. हिंडाफिरायला लागल्यावर ही गाणी मिळवून त्यांचे स्वरलेखन करण्याचे काम त्यांनी व भानुमतींनी मिळून केले. माळव्यातील या लोकधुना बहुधा चार-पाच स्वरांत फिरणाऱ्या. एरवी शास्त्रीय गायक त्यांच्याकडे करमणूक म्हणून पाहतो. कुमारांनी त्यांकडे रागांची बीजे म्हणून पाहिले. राग हे मुळात धुनांतून निघाले असतील तर आजही एखाद्या धुनेतून नवा राग निघू शकेल, असे त्यांचे गृहीतक होते.

यातून त्यांनी जे राग बांधले त्यांना ‘धुनउगम राग’ असे नाव आहे. मालवती, संजारी, लगनगंधार, सहेली तोडी, बीहड भैरव, भवमत भैरव, मधसूरजा, निंदियारी, अहिमोहिनी, राही ही त्यांच्या नव्या रागांची काही नावे. दोन प्रचलित राग जोडून तिसरा करण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. कुमारांचे राग अशा जोडकामातून आलेले नाहीत. एखाद्या धुनेचे चलन हेच त्यांचे मूळ आहे. त्यामुळे त्यांत आरोह-अवरोहाच्या गणितापेक्षा स्वरांच्या लकबीला महत्त्व असते. बंदिशींचे विषयही वेगळे होते. मधसूरजा रागातील बंदिशीत बळी देण्यासाठी देवीसमोर नेल्या जाणाऱ्या मुक्या जनावराची विनवणी आहे. ख्यालाच्या शब्दांत सासू-नणंद, पिया आणि कृष्ण यांपलीकडे क्वचितच कोणी जात असे, हे ध्यानात घेतले म्हणजे या निवडीचे वेगळेपण समजते. बंदिशींतून त्यांनी ‘शोक’ ही नाममुद्रा वापरली.

महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६९ मध्ये त्यांनी गांधी मल्हार हा राग रचला.

नव्या रागांचे व बंदिशींचे स्वरलेखन असलेला ‘अनूपरागविलास’ हा ग्रंथ १९६५ मध्ये मौज प्रकाशनाने प्रसिद्ध केला. गवयाने आपल्या चिजा छापून सर्वांसाठी खुल्या कराव्यात यात विष्णु दिगंबरांची व भातखंड्यांची परंपरा दिसते. नव्या रागाला टीकाकारांसमोर उघडे ठेवण्याचे धैर्यही त्यात होते.

मैफलीची मांडणी

महाराष्ट्रात शास्त्रीय गाण्याच्या मैफलीला विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक ठरावीक क्रम आला होता. आरंभी एखाद्या भारदस्त रागातील विलंबित ख्याल व त्याला जोडून द्रुत. मग एखादा छोटा राग. मध्यंतरानंतर पुन्हा ख्याल. नंतर ठुमरी, नाट्यपद, आणि शेवटी भैरवी किंवा भजन. हा क्रम कोणी एकाने घातला नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ (१८८०) पासून वाढत गेलेली संगीत रंगभूमी, विष्णु दिगंबरांनी रूढ केलेले तिकिटाचे जलसे व भजने, अब्दुल करीम खाँसाहेबांनी मैफलीत आणलेली ठुमरी व मराठी पदे, या सर्वांतून तो बनत गेला. श्रोत्यांच्या दोन्ही गटांची त्यात सोय होती. जाणकारांना ख्याल मिळे आणि बाकीचे शेवटच्या पदासाठी थांबून राहत. परंतु या सोयीत एक उतरंड दडलेली होती. ख्याल म्हणजे मुख्य जेवण आणि इतर सर्व तोंडीलावणे, असा समज त्यातून पक्का झाला. शिवाय जे काही नवे असेल ते तोंडीलावण्यात खपवावे, ख्यालाच्या पानात वाढू नये, अशीही एक अलिखित शिस्त होती.

कुमारांचे काम या उतरंडीला छेद देणारे आहे. त्यांच्या साध्या मैफलीतही नवे आणि जुने शेजारी बसत. एखाद्या रागात विलंबित ख्याल परंपरेतला घ्यावा आणि त्याला जोडून द्रुत बंदिश स्वतःची गावी, हा त्यांचा नेहमीचा रिवाज. नंद रागातील त्यांचे गायन याचे उत्तम उदाहरण आहे. तेथे जुना विलंबित ख्याल झाल्यावर येणारी त्यांची स्वतःची द्रुत बंदिश इतकी रुळली की, पुढील पिढीतील अनेक गायक ती परंपरागत चीज असल्यासारखी गाऊ लागले. नव्या रचनेला मिळणारी याहून मोठी दाद दुसरी नाही. भीमपलास, श्री, शंकरा, केदार, गौडसारंग अशा ओळखीच्या रागांच्या शेजारी मालवती किंवा लगनगंधार यांसारखा अनोळखी राग ते ठेवीत. श्रोत्याच्या कानात जुन्या रागाची ओळख ताजी असताना नवा राग आला म्हणजे दोहोंतील नाते व फरक आपोआप उमगतो. नवी रचना दोन मान्यताप्राप्त रचनांच्या मध्ये ठेवण्याची पद्धत पाश्चात्त्य वाद्यवृंदांच्या कार्यक्रमांतही आहे. तेथे मात्र पुष्कळदा ती श्रोत्यांनी मध्येच उठून जाऊ नये म्हणून केलेली योजना असते. कुमारांच्या मैफलीत जुने हे नव्याचे पहारेकरी नव्हते. जुना ख्यालही त्यांच्या गळ्यातून नव्याने तपासला जाई, आणि काहींना तोच अधिक खटके.

निर्गुणी भजनांमुळे उतरंड आणखी मोडली. देवासला शीलनाथ महाराजांच्या धुनीची नाथपंथी परंपरा होती, आणि गावोगाव फिरणारे जोगी कबीर व गोरखनाथ यांची पदे आपल्या खड्या, सरळ आवाजात गात. कुमारांनी ही पदे उचलली ती ठुमरीच्या नखऱ्याने किंवा कीर्तनाच्या भावुकतेने सजवण्यासाठी नव्हे. जोग्याच्या आवाजातील एकटेपणा त्यांनी तसाच ठेवला. लांबवर फेकलेला स्वर, मध्येच आलेली शांतता आणि तंबोऱ्यांचा गुंजारव, एवढ्यावर ही भजने उभी राहत. मैफल संपता संपता म्हणण्याचा प्रकार म्हणून आलेले भजन आता श्रोते मैफलीचा गाभा म्हणून ऐकू लागले.

याच्या पुढची पायरी म्हणजे एका सूत्रात बांधलेले संपूर्ण कार्यक्रम. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात कुमारांनी ‘गीतवर्षा’, ‘गीतहेमंत’ आणि ‘गीतवसंत’ हे ऋतूंवरचे कार्यक्रम उभे केले. ‘गीतवर्षा’मध्ये मल्हाराच्या प्रकारांतील जुन्या व नव्या बंदिशी होत्या, त्यांच्याबरोबर पावसाळ्यातील माळवी लोकगीतेही होती. मंचावर बडा ख्याल झाल्यावर लगेच शेतात म्हटले जाणारे गाणे यावे, आणि दोन्हींत तोच पाऊस पडत असावा, ही कल्पनाच त्या वेळी नवी होती. या कार्यक्रमांत ख्याल कोठे संपतो व लोकगीत कोठे सुरू होते हा प्रश्न गौण ठरे. श्रोत्याला क्रमाने जाणवे तो ऋतू : आकाश भरून येणे, पहिली सर, झड, झुले आणि विरह. ‘मालवा की लोकधुनें’ या कार्यक्रमात त्यांनी लोकगीतांना पूर्ण मंच दिला. ‘गौड मल्हार दर्शन’मध्ये उलट दिशेने जाऊन एकाच रागाच्या अनेक बंदिशी एका बैठकीत मांडल्या, जेणेकरून रागाची निरनिराळी रूपे दिसावीत. ठुमरी, टप्पा व तराणा यांवरही असाच स्वतंत्र कार्यक्रम झाला. ‘त्रिवेणी’त कबीर, सूरदास व मीरा यांची पदे होती, तुलसीदास व तुकाराम यांच्यावरही त्यांनी कार्यक्रम केले.

मराठी श्रोत्यांना सर्वांत जवळचा वाटलेला आणि सर्वांत जास्त चर्चिला गेलेला कार्यक्रम म्हणजे ‘मला उमजलेले बालगंधर्व’. बालगंधर्व (नारायण श्रीपाद राजहंस, १८८८–१९६७) यांची पदे महाराष्ट्रात घरोघरी पाठ होती. ‘मानापमान’ (१९११) मधील गोविंदराव टेंबे यांच्या चाली आणि ‘स्वयंवर’ (१९१६) मधील भास्करबुवा बखले यांच्या चाली म्हणजे मराठी माणसाच्या कानाचे संस्कारच. अशा पदांना हात लावणे जोखमीचे होते. हुबेहूब गावे तर ती नक्कल ठरते, आणि नक्कल हीच कुमारांच्या बालपणाची ओळख होती. वेगळे गावे तर तो मूर्तिभंग ठरतो. कुमारांनी शीर्षकातच आपली मर्यादा सांगून टाकली होती : हे बालगंधर्वांचे गाणे नव्हे, त्यातले आपल्याला जे कळले तेवढे. त्यांनी प्रत्येक पदातील लय, शब्दांची फेक आणि स्वरावर थांबण्याच्या जागा न्याहाळून बालगंधर्वांच्या गायनामागील विचार पुढे ठेवला. नाट्यपद ही मैफलीच्या शेवटी द्यायची खिरापत आहे हा समज त्या कार्यक्रमाने पुष्कळ सैल केला. ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने हे गायन आजही ऐकता येते. बालगंधर्वांच्या काही निस्सीम भक्तांना ते पटले नाही, आणि त्यांचे न पटणे समजण्यासारखे आहे. त्यांनी रंगमंचावरचे सदेह बालगंधर्व पाहिले होते.

‘तांबे गीतरजनी’ हा कार्यक्रम कवी भास्कर रामचंद्र तांबे (१८७३–१९४१) यांच्या कवितांचा. तांबे यांचे आयुष्य मध्य भारतात गेले, त्यांचे शिक्षण काही काळ देवासलाच झाले होते, आणि त्यांच्या कविता चालींसह सुचलेल्या वाटाव्यात इतक्या गेय आहेत. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाने महाराष्ट्राबाहेरच्याच मराठी कवीला दिलेला हा मान होता. कन्नड मातृभाषा, मराठी शिक्षण आणि हिंदी-माळवी परिसर असा तिहेरी संस्कार असलेल्या गायकाला ते सहज जमले.

या सर्व मांडणीत बाह्य थाट नव्हता. दोन तंबोरे, तबला, पेटी एवढाच सरंजाम असे. तंबोरे लावण्यावर मात्र कुमार अतोनात वेळ घालवीत. तंबोरा नीट लागला म्हणजे त्यातून जो स्वरांचा पडदा उभा राहतो तोच गाण्याची जमीन, असे ते मानत. तबल्यावर वसंत आचरेकर यांची साथ त्यांना अनेक वर्षे लाभली. त्यांचा ठेका साधा व भरीव असे. कुमारांना लयीशी खेळण्यासाठी असाच ठेका हवा असे.

आक्षेप

कुमारांवर घेतले गेलेले आक्षेप साधे नव्हते, आणि ते घेणारे सर्वच जण संकुचित वृत्तीचे होते असे म्हणता येणार नाही. पहिला आक्षेप विलंबित ख्यालाबद्दल. रागाची सावकाश, एकेका स्वराने होणारी बढत त्यांच्या गाण्यात नाही. आलापाची अखंड वीण तुटते. स्वर एकाएकी फेकला जातो आणि मध्येच गाणे थबकते, असे घराणेदार मंडळी म्हणत. किराणा घराण्याची संथ आलापी किंवा जयपूर घराण्याची न तुटणारी तान ज्यांच्या कानात होती, त्यांना हे अपुरे वाटणे स्वाभाविक होते. दुसरा आक्षेप नव्या रागांवर : धून ही धून आहे, तिला राग म्हटल्याने तासभर विस्तार करण्याचे बळ तिच्यात येत नाही. तिसरा कार्यक्रमांवर : ऋतू, संतकवी किंवा नाटक असे सूत्र घेतले की गाण्याचे लक्ष रागावरून विषयाकडे जाते.

पहिल्या आक्षेपाला एक सोपे उत्तर नेहमी दिले जाते ते असे की, एका फुप्फुसावर गाणाऱ्याला दुसरा इलाज नव्हता. हे उत्तर अर्धेच खरे आहे. दमसास कमी असलेले गायक इतरही झाले, पण त्यांनी जुनीच मांडणी आखूड करून गायली. कुमारांनी श्वासाच्या तुटीतून शांततेचा उपयोग शोधला. स्वर संपल्यावर तो तंबोऱ्यात विरेपर्यंत श्रोत्याला ऐकत ठेवण्याची कला साधली. उणिवेला शैली बनवण्यासाठी आधी विचार असावा लागतो, आणि तो देवधरांकडील वर्षांत तयार झालेला होता. दुसरा आक्षेप मात्र पूर्णपणे खोडला गेलेला नाही. त्यांचे काही राग इतरांनी उचलले, बरेचसे त्यांच्या शिष्यपरिवारापुरते राहिले. नव्या रागाचे भवितव्य रचनाकाराच्या हयातीत ठरत नाही, एवढे म्हणता येईल. तिसऱ्या आक्षेपाबाबत काळाने कौल दिला आहे. ऋतू, संतकवी, रचनाकार किंवा एखादा राग घेऊन कार्यक्रम बांधण्याची पद्धत आज इतकी रूढ आहे की, ती कधीकाळी वादग्रस्त होती हे नव्या श्रोत्यांना सांगावे लागते. त्यांतील पुष्कळ कार्यक्रमांत निवेदनच फार आणि गाणे थोडे असते, हा दोष कुमारांच्या माथी मारणे बरोबर नाही.

कुटुंब व शिष्य

भानुमतींचे १९६१ मध्ये दुसऱ्या अपत्याच्या जन्मानंतर निधन झाले. कुमारांच्या घडणीत त्यांचा वाटा फार मोठा होता; लोकगीतांच्या संग्रहाचे श्रेय दोघांचे आहे, आणि आजारपणाची वर्षे त्यांच्याच पगारावर निभावली. १९६२ मध्ये कुमारांचा विवाह वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी झाला. त्याही देवधरांच्या विद्यालयातील विद्यार्थिनी. नंतरच्या जवळजवळ सर्व सूत्रबद्ध कार्यक्रमांत वसुंधरा कोमकली यांचा गायक म्हणून सहभाग होता. त्यांचे निधन २०१५ मध्ये झाले.

मुलगा मुकुल शिवपुत्र, मुलगी कलापिनी कोमकली, तसेच सत्यशील देशपांडे, मधुप मुद्गल, विजय सरदेशमुख हे त्यांच्या शिष्यांपैकी प्रमुख होत. देवासच्या घरी साहित्यिक, चित्रकार व पत्रकारांचा राबता असे. पु. ल. देशपांडे, इंदूरच्या ‘नई दुनिया’ दैनिकाचे संपादक राहुल बारपुते व चित्रकार विष्णु चिंचाळकर हे त्यांच्या निकटच्या स्नेह्यांपैकी होते.

उत्तरकाळ

१९८८ मध्ये संगीत नाटक अकादमीने त्यांना आपली अधिछात्रवृत्ती (रत्न सदस्यत्व) दिली. १२ जानेवारी, १९९२ रोजी देवास येथे त्यांचे निधन झाले. ‘अनूपरागविलास’चा दुसरा भाग त्यांच्या मृत्यूनंतर १९९३ मध्ये प्रकाशित झाला. मध्य प्रदेश शासन त्यांच्या नावाने तरुण कलावंतांना राष्ट्रीय सन्मान देते. बेळगावात त्यांच्या नावाचे कलामंदिर आहे. जब्बार पटेल यांनी त्यांच्यावर ‘हंस अकेला’ हा माहितीपट केला. भारतीय टपाल खात्याने २०१४ मध्ये संगीतकारांवर काढलेल्या तिकिटांच्या संचात मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल व भीमसेन जोशी यांच्याबरोबर त्यांचाही समावेश आहे. हे चौघेही जन्माने उत्तर कर्नाटकातले. कलापिनी कोमकली आणि मुकुल शिवपुत्र यांचे पुत्र भुवनेश कोमकली हे कुमारांचे ऋतुसंगीत, निर्गुणी भजने व बंदिशी मैफलींतून सादर करतात.